गाडी तापेस्तोवर

न्हाई न्हाई, पावनं, बोट काढा त्या बटनावरनं. बंद करू नगासा. गाडी बिघडल्याली न्हाई — त्यो घूं घूं आवाज येतुया न्हवं, त्यो आतल्या पंपाचा. बॅटरी गार पडलीया, ती सवताला तापवून घेतीया, घिऊ द्या की जरा. पडद्यावर किती मिनिटं दावतीया? वीस? मंग वीस मिनिटं थांबायचं. गाडी तुमची हाय, कबूल, पर हुबी माज्या अंगनात हाय, आन ह्या अंगनातनं गार गाडी घाटाला लागनार न्हाई, मंग ती कुनाची का असंना. — चार्ज खातीया? खाऊ द्या. चार टक्के खाईल, लय झालं तर पाच. साताऱ्यात थांबा, तुमी कायतरी पोटाला खावा, तवर गाडी बी चार्जिंगवर खाईल. पाच टक्क्यासाठी कुनी — असू द्या. च्या घ्या तुमी. निवतुया.

बसा हितं कट्ट्यावर. थांबा, दगड गार हाय, हे पोतं घ्या खाली. तुमी सांगलीचं, तुमचा काय दोष न्हाई ह्यात. हळदीच्या पेठंत गाडी हुबी केली तर टपावर पापड भाजंल, तितं बॅटरीला कवा हुडहुडी भरायची? म्हनून ह्यो प्रकार तुमी कवा बघितला न्हाई. हितं बघा, त्या स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरं दिसतंय — मीठ भुरभुरल्यावानी — त्यो बर्फ हाय. वेण्णा तळ्याकडनं वारं आलं की असं हुतं, महाबळेश्वरच्या बाजारात तर लोक फोटो काढत हिंडत असतील आता. आन तुमी गाडी ठेवली उघड्यावर. म्या काल म्हनलं हुतं, छपरात घ्या. न्हाई म्हनला. छपरात जागा मोकळी हाय की, वरीस झालं मोकळीच हाय.

घाई कसली हाय? राजनंदिनीचं अजून आवराया हाय. सासू सोडंना तिला आत. तीन डबं भरलं, आता चवथा भरतीया — काल वर्षश्राद्धाचं जे उरलं ते समदं तुमच्या घरी पोचायचं बगा. भनीला न्यायाला आलासा, बरं केलंसा. वरीस तिनं ह्या घरात काढलं, कुनी थांब म्हनलं न्हवतं, तरी काढलं. आता सांगलीला शाळंत नोकरी लागलीया, तर जावं तिनं. तिशीची बी न्हाई पोर. हितं दोन म्हाताऱ्यांची भांडी घासत बसायला का बापानं शिकवली तिला? आमी आडवं येत न्हाई. म्या तर म्हनतो, जाताना मागं वळून बगू नकोस. — पर ती बघंल. तसलीच हाय ती.

किती झाली? सतरा ऱ्हायली? हं.

मला गाडीतलं कळत न्हाई असं समजू नगासा. चोवीस वर्सं फौजंत ड्रायव्हर हुतो. हवालदार नाथाजी म्हनलं की गाड्यांच्या कान्व्हायतली पोरं रस्ता सोडायची. लेहला चार हिवाळं काढलं. तितं सकाळचं पयलं काम काय? देव न्हाई, च्या न्हाई — घमेल्यात निखारं घ्यायचं आन गाडीखाली सरकवायचं, इंजनाच्या तेलाच्या चेंबरखाली. तेल काकवीवानी घट झाल्यालं आसायचं. ते पातळ झालं, हातानं चाचपून बघितलं, की मंग चावी. गाडी गार काढली तर उस्ताद पाठीवर वजनाचा पिट्टू लावून पळवायचा, दम लागंस्तोवर. चोवीस वर्सांत म्या एक गाडी गार काढली न्हाई, पावनं. एक न्हाई. कुनालाबी इच्यारा. आन ज्या मानसानं — जाऊ द्या, काय सांगत हुतो? व्हय. इंजनाचं.

तर ते इंजनाचं मला ठावं हुतं. आन मंग माज्या पोरानं, उदयनं, तुमच्या गाडीवानीच लाईटवरची टॅक्सी आनली. तुमचं दाजी म्हंजी हौशी मानूस. हिला इंजन न्हाई, तेल न्हाई, धूर न्हाई, आवाज न्हाई. म्या म्हनलं, मंग हिला तापवायचं काय? बॅटरी म्हंजी काय, टॉर्चमधल्या सेलचीच थोरली भन. सेल कुनी शेकोटीला धरतं का? — हासा, हासा. उदय बी हासायचा. खरं सांगू, ल्हानपनी आमी सेल उतरला की उन्हात ठेवायचो, चुलीच्या जोत्यावर ठेवायचो, आन मंग त्यो आनि घटकाभर उजेड द्यायचा. म्हंजी मला ठावं हुतं की न्हाई? ठावं हुतं. वापरलं न्हाई, एवढंच.

त्येनं काय केलं हुतं, फोनमधनं गाडीला सांगून ठेवलं हुतं — रोज सकाळी पावने सहाला तुजी तू ताप. मला पाचला जाग, फौजंची सवय. पयल्या दिवशी म्या हितं दात घासत हुबा, आन छपरात गाडी आपली आपन घुमाया लागली. आत मानूस न्हाई, चावी घरात खुंटीला. म्या काठी घिऊन गेलो की. वाटलं, चोर शिरला. काठी घिऊन गाडीला दोन फेऱ्या मारल्या आन उदय दारात हुबा ऱ्हाऊन पोट धरून हासतुया. आन नंदिनी त्येच्या मागं, त्वांडाला पदर लावून. असं हासनं हुतं ह्या घरात. तुमाला काल जे घर दिसलं ते हे घर न्हवं, पावनं.

मंग त्यो मला समजावून सांगाया बसला. आबा, उताराला रेसवरनं पाय काढला की ही गाडी सवताच मागं धरती. ब्रेक लावावा लागत न्हाई. उताराची ताकद आत बॅटरीत भरून घेती. पर बॅटरी गार असली की ती भरून घेत न्हाई. आन भरून घेत न्हाई, म्हंजी धरत न्हाई. पाय काढला तरी सुटल्यावानी पळती. म्हनून घाटाच्या आदी तापवायची. — एवढं सादं. दुसरीतल्या पोराला कळंल. त्येनं मला सांगितलं हुतं, पावनं, हे ध्यानात ठेवा. सांगितलं न्हवतं असं कुनी म्हनू नये. म्या व्हय व्हय म्हनलो, मान हालवली. ऐकलं न्हाई. पोरगं बापाला गाडी शिकवतंय म्हनल्यावर बापाचं ध्यान आपल्या चोवीस वर्सांत.

किती? चौदा. सावकाश तापतीया. तापू द्या.

कुठल्या घाटानं निघालासा? केळघरनंच? पसरनी घाटानं, वाईवरनं जावा की. जरा लांब पडंल, पर — व्हय. मला ठावं हाय. तिनंच सांगितलंय केळघरनं न्या म्हनून. वरीसभर त्या घाटाचं नाव काढलं न्हाई तिनं, साताऱ्याला जायचं तर वाईवरनं जायाची, तास जास्ती गेला तरी. आन आज म्हनतीया केळघरनं. पिशवीत नारळ घेतलाय तिनं. बघितला न्हाई तुमी? म्या बघितला. सकाळी देवघरातनं हळदकुंकवाची पुडी घेतली, नारळ घेतला, सासूला दिसू नये म्हनून साडीच्या घडीत ठेवला. तिसऱ्या वळनावर गाडी थांबवाया सांगंल तुमाला. तितं ठेवनार हाय. कशापायी? माफी मागाया. उदयची माफी मागाया. तिनं फोन केला म्हनून त्यो गेला, असं हाय तिच्या डोस्क्यात.

आवं, तुमाला तरी काय ठावं न्हाई का? तुमीच तिला सांगलीच्या स्टँडवर पहाटंच्या यष्टीत बसवलं हुतं त्या दिवशी. सातला ती साताऱ्यात उतरली. तितनं फोन लावला — थंडी लय हाय, शाल तुमच्या गाडीतच ऱ्हायलीया, लवकर या. एवढंच. बायकू नवऱ्याला लवकर या म्हनती, त्यात काय हाय? पर सव्वासातला फोन झाला आन साडेसातच्या आत त्यो तिसऱ्या वळनावरनं खाली. कठडा पडल्याला हुता तितनं. पोलिसांनी लिवलं, भरधाव वेगात. भरधाव. माजा उदय. शाळंच्या पोरांस्नी घाटात हाताला धरून रस्ता वलांडून देनारा त्यो, आन भरधाव. लोकास्नी बरं सापडलं. फोन आला, घाई केली, गेला. झालं, जुळलं समदं.

तवापासनं ती कुनाला लवकर म्हनत न्हाई. ध्यानात आलं का तुमच्या? दूधवाल्याला म्हनती सावकाश या. भाजी करपाया लागली तरी सासूला हाक मारत न्हाई, उठून जाती आपली. काल बामन उशिरा आला, समदी तगमग करत हुती, ही म्हनती येऊ द्या त्यांच्या सवडीनं. आन काल फोटोला हार घालायची येळ आली तवा मागं सरली. म्हनली, मी नको. तुमी बघत हुता की. तुमाला वाटलं असंल, रडू आलं. रडू न्हाई. तिला वाटतं तिचा हात लागू नये.

आन तिच्या सासूनं — आता तुमी भाऊ हायसा, तुमाला सांगू का न्हाई — तेराव्याला, समद्या बायका बसल्या हुत्या, तवा उदयची आय तिला म्हनली, तुज्या फोननं गेला गं माजा. लेकरू गेल्याली आय ती. तिला काय म्हनायचं? बोलली. नंतर रडली, पोटाशी धरलं तिला, पर बोललेलं बोलून झालं हुतं. आन म्या हितंच हुतो, दाराच्या अलीकडं, असा. ऐकलं म्या. म्या एक शब्द बोलायचा हुता तवा. एकच. न्हाई बोललो.

काय बोलायचा हुता? — काय न्हाई. असंच. की बाई, तिचा काय दोष न्हाई. असंच म्हनतो.

घोटभर आनि घ्या च्या. — त्या मिस्त्रीचं इच्यारता? तुमाला कुनी सांगितलं? असंल, साताऱ्यात त्येच्याकडंच नेली हुती उदयची गाडी, वडून आनून. चांगला पोरगा हाय. त्येनं लॅपटॉप जोडला, घटकाभर बघत बसला. म्हनला, आजोबा, गाडीत काय बिघाड न्हाई. फक्त बॅटरीचं तापवनं बंद हुतं. आदल्या दिवसापर्यंत रोज चालू, त्या सकाळी बंद. गार बॅटरी, तीबी शिगोशीग भरल्याली, घाटात काय भरून घेनार? तुमच्या पोरानं सवयीनं पाय काढला असंल, गाडी धरली न्हाई, ब्रेकवर पाय जाईस्तोवर वळन संपलं. दवानं रस्ता वला. दोन-तीन सेकंदाचं काम. मला म्हनला, तुमच्या पोरानंच बंद केलं असंल, चार्ज वाचवाया, लय जन करत्यात. कुनी केलं ते मशिनीत लिवलेलं नसतं म्हनला, फक्त केलं एवढं असतं.

मला काय ठावं कुनी केलं. त्येनंच केलं असंल. मिस्त्री म्हनला न्हवं. — असं काय बगताय? घरात गाडीला हात लावनारं काय कमी हुतं का? — कमीच हुतं. दोघं. त्यो आन म्या.

किती ऱ्हायली मिनिटं? सात. म्हंजी सात मिनिटांनी ती भाईर यील, तुमी दोघं जाल, आन तिसऱ्या वळनावर माजी सून त्या कठड्याफुडं हात जोडून हुबी ऱ्हाईल. गुन्हा न केलेल्यानं माफी मागायची आन — न्हाई. हे न्हाई सोसनार मला. वरीसभर सोसलं. रोज सकाळी पाचला उठून हितं हुबा ऱ्हातो, पावने सहाला कानोसा घेतो. काय वाजत न्हाई.

म्या बंद केलं, पावनं.

बसा. उठू नगासा. ऐका एवढं. त्येच्या दोन दिस आदी त्यो साताऱ्याहून आला तवा चार टक्के ऱ्हायलं हुतं. वाडीच्या चढाला गाडी रांगत आली. जेवताना हासत हासत म्हनला, आबा, आज गाडी खांद्यावर आनावी लागली असती. त्यो हासला, माज्या मनात ते बसलं. म्हनलं, रोज सकाळी उभ्या उभ्या पाच टक्के जात्यात, त्ये वाचलं असतं तर माजं पोरगं चढाला अडकलं नसतं. दुसऱ्या दिवशी दिस मावळायला गाडी धुवाया घेतली म्या. फडकं फिरवत पडद्यापाशी आलो. हेच बटन. मघा तुमी बोट ठेवलं हुतं तेच, जरा कडेला, एवढाच फरक. दाबलं. येवढंसं पिवळं चित्र हुतं, इझलं. मला लय बरं वाटलं, पावनं. खरं सांगतो, लय बरं वाटलं. त्येला सांगितलं न्हाई. म्हनलं, उद्या सांच्याला घरी यील, पाच टक्के जास्त बघून चकित हुईल, मंग सांगू, बघ, तुज्या बापाला बी कळतं.

सकाळी पाचला उठलो. पावने सहा झालं, गाडी गप. मला हासू आलं. हितंच हुबा हुतो, हातात राखुंडी. सातला त्यो निघाला. घाईत न्हवता, हे बी सांगतो. नंदिनीचा फोन येयाच्या आदीच निघाल्याला. म्या तवा गोठ्यात हुतो, तिकडं बघून मला हात केला, आन गेला. पडद्यावर लिवून आलं असंल, बॅटरी गार हाय म्हनून. त्येला काय वाटलं असंल? बिघाड झाला वाटलं असंल. बापानं केलं असंल हे त्येच्या मनात बी आलं नसंल.

मंग म्या का बोललो न्हाई? हेच इच्यारनार तुमी. पयल्या दिवशी मला ठावंच न्हवतं. मिस्त्रीनं सांगितलं तवा दहावा हुन गेल्याला, तेरावा व्हायचा हुता. परत आलो तवा उदयची आय दारात बसल्याली, मला म्हनली, काय म्हनला मिस्त्री? म्या म्हनलं, काय न्हाई, गाडी चांगली हुती. त्ये एक खोटं बोललो, आन मंग त्येच्यावर दुसरा दिस आला, तिसरा आला, म्हैना गेला. आदी वाटायचं, सांगितलं तर हिचं काय हुईल, एक पोरगं गेलं, आता नवऱ्याचं त्वांड बघनार न्हाई. पर त्ये बी खरं न्हवं. खरं म्हंजी, त्या पोरीच्या डोईवर त्ये बसल्यालं हुतं, आन तितं हुतं तवर माज्या डोईवर न्हवतं. बस. म्या लेहला चार हिवाळं काढलं आन सुनंच्या फोनामागं लपलो.

शिवी द्या मला. भाऊ हायसा तिचा, द्या.

तुमी सांगा तिला. घाट उतरल्यावर सांगा, घाटात न्हको. मेढ्याच्या फुडं गेल्यावर, सपाटीला. म्हना, तुजा सासरा म्हनत हुता. नारळ त्या वळनावर ठेवू देऊ नगासा, काय तरी निमित्त सांगा, गाडी थांबवता येत न्हाई म्हना. आन मंग म्हना — न्हाई. ते बी लपनंच झालं की. आता तुमच्या मागं लपायचं.

थांबा. दार वाजलं. आली ती.

ये बाई. आवरलं समदं? डबं किती झालं? पाच? तुजी सासू सांगलीला उपाशी ठेवंल का तुला — न्हाई, आदी पाया पडू नको. मागनं पड, पडावं वाटलं तर. ती पिशवी दे हिकडं. ही न्हवं, ती, साडीची. त्यातला नारळ काढ. — मला ठावं हाय. काढ. दे माज्या हातात. बस ह्या पोत्यावर, दगड गार हाय.

पावनं, तुमी उठा. आत जावा, तिच्या सासूला भाईर हाक मारा, म्हनावं कारभारी बोलावत्यात, हातातलं टाकून ये. आन मंग तुमी गाडीत जाऊन बसा, काच वर घ्या. — व्हय, दिसतंय मला, तापलीया गाडी. ऱ्हाऊ द्या तशीच चालू. बंद करू नगासा. — जावा म्हनलं न्हवं, पावनं.